गाडीच्या एसीचा फॅन बंदच होत नसेल तर दोष कसा शोधावा

एसीचा फॅन थांबतच नाही, अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेले की बहुतेक वेळा तपासणीच्या आधीच निदान ऐकायला मिळते. कोणी सेन्सर बदलायला सांगतो, कोणी रिले (विजेच्या हुकुमावर चालणारा स्विच), तर कोणी थेट फॅनची मोटर. यातली मोटर बदलण्याची सूचना जवळजवळ नेहमीच चुकीची असते, कारण जी मोटर अखंड फिरते आहे ती फिरण्याच्या कामात तरी धडधाकट आहे. बिघाड असलाच तर तो मोटरला वीज पोहोचवणाऱ्या किंवा ती वीज सोडण्याचा हुकूम देणाऱ्या साखळीत असतो. त्यामुळे एकही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते: फॅनला चालू राहायला कोण सांगत आहे? हुकूम रास्त असू शकतो, चुकीच्या माहितीवरून दिलेला असू शकतो, किंवा हुकूम नसतानाच वीज वाहत असू शकते. हे तीन प्रकार वेगळे करता आले की बहुतेक काम संपते.

पुढील पद्धत विजेवर चालणारा फॅन असलेल्या नेहमीच्या पेट्रोल, सीएनजी आणि डिझेल गाड्यांसाठी आहे. तिच्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एक टॉर्च आणि शक्य असल्यास मोबाइलला ब्लूटूथने जोडता येणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे उपकरण) एवढे सामान पुरते. हा छोटा स्कॅनर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो आणि पहिल्याच निदानात आपली किंमत वसूल करून देतो, असे माझे मत आहे.

आधी कोणता फॅन, ते ठरवावे

एसीशी संबंधित दोन फॅन गाडीत असतात. पहिला डॅशबोर्डच्या आत, साधारणपणे डावीकडच्या ग्लोव्हबॉक्सच्या मागे बसवलेला ब्लोअर असून तो आपल्या अंगावर हवा सोडतो. दुसरा बॉनेटखाली रेडिएटरला लागून असतो आणि तो एसीचा कंडेन्सर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) व इंजिनचे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) या दोहोंना थंड करतो. लहान गाड्यांत बहुधा एकच फॅन ही दोन्ही कामे करतो, तर मोठ्या गाड्यांत शेजारीशेजारी दोन फॅन असतात.

ब्लोअरचा मामला त्यामानाने सोपा आहे. नॉब शेवटच्या आकड्यावर असतानाच ब्लोअर चालत असेल आणि खालच्या वेगांवर मुका राहत असेल, तर त्याचा रेझिस्टर गेलेला असतो. नॉब शून्यावर आणूनही तो थांबत नसेल, तर ब्लोअरचा रिले चिकटला आहे का ते पाहावे, आणि स्वयंचलित एसी असलेल्या गाडीत ब्लोअरचा वेग सांभाळणारा पॉवर ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आहे का ते तपासून घ्यावे. येथून पुढे सगळा विचार बॉनेटखालच्या फॅनचाच आहे.

जुन्या जीपवर्गीय डिझेल गाड्यांत रेडिएटरमागचा मोठा फॅन इंजिनच्या बेल्टवरच फिरतो. तो इंजिन चालू असेपर्यंत फिरणारच, आणि त्यात दोष काहीही नाही.

कोणत्या परिस्थितीत फॅन सतत चालणे योग्यच असते

नवख्या माणसाची सर्वांत मोठी फसगत येथे होते. एसी चालू असताना कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) जोडला गेला की फॅन सुरू होतो, आणि बऱ्याच नव्या गाड्यांत तर कॉम्प्रेसर चालू-बंद होत असला तरी एसीचे बटण दाबलेले असेपर्यंत फॅन कमी वेगाने फिरतच राहतो. मे महिन्यात नागपूर-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर असताना, भर दुपारी सिग्नलवर उभ्या असलेल्या गाडीचा फॅन क्षणभरही थांबला नाही, तरी तो आपले काम करतो आहे असेच समजावे.

पावसाळ्यात वेगळाच घोटाळा होतो. पुढच्या काचेवरचे धुके घालवण्यासाठी हवेची दिशा काचेकडे वळवली की अनेक गाड्या कॉम्प्रेसर आपोआप सुरू करतात, काही गाड्यांत तर एसीचा दिवा न लावताच. मग एसी बंद असताना फॅन चालतो, अशी तक्रार तयार होते. प्रत्यक्षात फक्त हवेचा नॉब काचेकडे राहिलेला असतो.

इंजिनच्या उष्णतेचाही हिशेब असतो. बहुतेक गाड्यांत कूलंट ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की फॅन सुरू होतो आणि चार-पाच अंश उतरले की थांबतो. घाट चढून आल्यावर गाडी बंद केली तरी काही मॉडेलांत फॅन आणखी काही मिनिटे फिरत राहतो, कारण पाण्याचा पंप थांबल्यावर इंजिनमध्ये अडकलेली उष्णता वर येते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या डिझेल गाड्यांत आणखी एक कारण आहे. त्यांच्या एक्झॉस्टमधील काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करण्यासाठी मधूनमधून आतली काजळी जाळतो, आणि त्या वेळी तेथील तापमान ६०० अंशांच्या घरात जाते. ही प्रक्रिया चालू असतानाच गाडी बंद केली, तर फॅन जोरात फिरत राहतो व जळका वासही येतो. असे रोज न होता अधूनमधून होत असेल तर काळजीचे कारण नाही.

मग दोष आहे असे खात्रीने केव्हा म्हणावे? त्यासाठी सकाळची वेळ सर्वांत चांगली. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत एसी आणि ब्लोअर दोन्ही बंद ठेवून, हवेची दिशा काचेवरून काढून, इंजिन सुरू न करता फक्त किल्ली ऑनवर आणावी. बटणावर सुरू होणारी गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता, ऑन स्थिती येईपर्यंत बटण दाबावे. इंजिन गार, एसीची मागणी नाही, आणि तरीही फॅन फिरू लागला व फिरतच राहिला, तर दोष नक्की आहे. किल्ली काढलेली असतानाही तो फिरत असेल, तर दोष बहुधा रिलेत किंवा कोणीतरी केलेल्या जोडकामात आहे. सकाळी शांत असलेला फॅन इंजिन गरम झाल्यावर अखंड चालत असेल तर कूलंटच्या बाजूला, आणि फक्त एसी लावल्यावर तसे होत असेल तर एसीच्या दाबाच्या बाजूला शोध घ्यावा. ही एवढी नोंद करून गॅरेजमध्ये गेलात तरी मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचतो.

हात घालण्यापूर्वी

विजेचा फॅन इंजिन बंद असतानाही कोणतीही सूचना न देता सुरू होऊ शकतो. ओढणी, मोकळे केस, गळ्यातली साखळी आणि शर्टाची लोंबती बाही त्याच्यापासून दूर ठेवावी. फॅनच्या पात्यांजवळ हात न्यायचा असेल तर आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे. रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नये, कारण आतले कूलंट दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच उकळून अंगावर उसळते.

गाडी बंद केल्यावरही फॅन थांबत नसेल आणि रात्र काढायची असेल, तर फॅनचा रिले किंवा फ्यूज काढून ठेवावा, नाहीतर बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडावे. लहान गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-अवरची असते आणि फॅन दहा-पंधरा अँपिअर सहज ओढतो, म्हणजे दोन-तीन तासांत बॅटरी आडवी होते. मात्र सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी तो रिले किंवा फ्यूज आठवणीने परत बसवावा. फॅनशिवाय वाहतुकीत अडकलेले इंजिन थोड्याच वेळात इतके तापते की हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागातले सील) जाण्याची वेळ येते, आणि मग शंभर-दोनशे रुपयांच्या रिलेचा प्रश्न हजारोंच्या घरात जातो.

पहिली पायरी: इंजिन खरोखरच तापत आहे का?

कूलंटच्या पारदर्शक टाकीतील पातळी गार इंजिनवर किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मध्ये हवी. ती खाली गेली असेल तर गळती शोधावी आणि गाडीसाठी सांगितलेले कूलंटच भरावे. बोअरचे किंवा नळाचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतत राहिले की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि सेन्सरच्या टोकावर क्षार साचतात, आणि मग फॅन बिचारा बंद होण्याइतके तापमान कधी खाली येतच नाही.

आजकाल अनेक लहान गाड्यांत तापमानाचा काटा नसतो. गार असताना निळा आणि अति तापल्यावर लाल असे दोनच दिवे असतात. त्यामुळे ८८ अंश आणि १०४ अंश यांतला फरक डॅशबोर्डवर कळत नाही, आणि येथेच ओबीडी स्कॅनर कामाला येतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो लावून मोबाइलवर कूलंटचे तापमान पाहावे. गाडी थोडी चालवल्यानंतर ते ८५ ते ९५ अंशांदरम्यान स्थिर असेल आणि एसी बंद असतानाही फॅन फिरत असेल, तर उष्णता हे कारण नव्हे. ते १०० अंशांच्या वरच राहत असेल, तर फॅन प्रामाणिकपणे आपले काम करतो आहे, आणि कूलंट, थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह सोडणारी झडप), पाण्याचा पंप व रेडिएटर यांची तपासणी आधी व्हायला हवी.

जाळीतून समोर दिसतो तो एसीचा कंडेन्सर, आणि त्याच्या मागे जेमतेम बोटभर अंतरावर रेडिएटर असतो. धुलाईवाल्याने समोरून पाणी मारल्यामुळे कंडेन्सर स्वच्छ दिसतो, पण त्या दोहोंच्या फटीत वाळकी पाने, किडे, कापसासारखा तंतूंचा थर आणि रस्त्यावरची माती एकमेकांत चिकटून नमद्यासारखा पडदा तयार झालेला असतो. उसाच्या किंवा कापसाच्या पट्ट्यात हंगामात फिरणाऱ्या गाड्यांत हे विशेष आढळते. गाडी बंद व गार असताना, बॅटरीचे टर्मिनल सोडून, इंजिनच्या बाजूने टॉर्च धरावा आणि समोरून जाळीत पाहावे. प्रकाश ठिपक्याठिपक्यांनी आरपार दिसत असेल तर हवा जाते आहे; मध्ये काळा डाग दिसला तर तेथे हवा अडते आहे. सफाई करताना साध्या पाइपने, हलक्या धारेने, इंजिनकडून बाहेरच्या दिशेने पाणी सोडावे. सर्व्हिस सेंटरवरची जोराची फवारणी जवळून मारली तर ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या दुमडतात आणि हवेचा मार्ग कायमचा बंद होतो.

दुसरी पायरी: फक्त एसी चालू असताना होत असेल तर

एसी बंद केल्यावर फॅन थांबत असेल आणि एसी लावल्यावर तो पूर्ण वेगाने अखंड फिरत असेल, तर एसीमधल्या गॅसच्या दाबाकडे वळावे. कंडेन्सरकडच्या उच्च दाबाच्या बाजूला एक प्रेशर स्विच किंवा सेन्सर असतो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे, बऱ्याच गाड्यांत २०० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे एकक) थोडा वर, गेला की तो फॅनला वरच्या वेगावर नेतो. म्हणजे दाब वाढलेला असेल तर फॅनचे वागणे बरोबर आहे आणि दाब का वाढला हे शोधायचे आहे.

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे प्रमाणाबाहेर भरलेला गॅस. उन्हाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेच्या दुकानात गॅस ‘टॉप-अप’ करून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि ती करताना बहुतेक जण फक्त गेजच्या काट्याकडे पाहतात. बॉनेटच्या आत किंवा पुढच्या पट्टीवर एक स्टिकर असतो, त्यावर आर-१३४ए किंवा आर-१२३४वायएफ हे गॅसचे नाव आणि ग्रॅममधले वजन छापलेले असते. बऱ्याच लहान गाड्यांत हे वजन अर्ध्या किलोपेक्षाही कमी असते, त्यामुळे अंदाजाने जास्त गेलेले शंभर ग्रॅमसुद्धा प्रमाण पार बिघडवतात.

एसी बंद असताना दोन्ही बाजूंचा दाब समान होतो, आणि आर-१३४एच्या बाबतीत ३० अंश तापमानाला तो साधारण ९५ पीएसआय असतो. पण हा दाब गॅस किती आहे ते सांगत नाही. आत थोडासा जरी द्रवरूप गॅस असला तरी दाब तापमानावर ठरतो, प्रमाणावर नव्हे. त्यामुळे बंद एसीवर गेज लावून ‘गॅस बरोबर आहे’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. इंजिन आणि एसी चालू असताना कमी दाबाची बाजू ढोबळमानाने ३० ते ४० आणि उच्च दाबाची १५० ते २५० पीएसआय असावी. कडक उन्हात वरचा आकडा याहून वाढतो. शंका असेल तर जुना गॅस यंत्राने काढून घेणे, व्हॅक्यूम करून आतली हवा व ओलावा घालवणे आणि स्टिकरवरच्या वजनाइतका गॅस तोलून भरणे हाच योग्य मार्ग आहे. हे काम घरी करण्याच्या फंदात पडू नये, कारण निसटलेला द्रव गॅस कातडी आणि डोळे गोठवून इजा करतो.

तिसरी पायरी: रिले

गार इंजिनवर, एसी बंद असतानाही फॅन फिरत असेल, तर येथूनच सुरुवात करावी. बॅटरीजवळ काळी प्लॅस्टिकची पेटी असते आणि तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता फ्यूज व कोणता रिले कशाचा, याचा नकाशा छापलेला असतो. त्यावर पंख्याचे चित्र किंवा ‘रेडिएटर फॅन’, ‘कंडेन्सर फॅन’, ‘फॅन हाय’, ‘फॅन लो’ अशा अर्थाची संक्षिप्त नावे असतात. किल्ली बंद करून तो रिले सरळ वर ओढून काढावा, मग किल्ली ऑनवर आणून पाहावे. दोन-तीन रिले असतील तर एकेक करून हीच कृती करावी.

रिले काढूनही फॅन फिरत असेल, तर वीज त्या रिलेला वळसा घालून येत आहे, आणि आपण थेट पाचव्या पायरीवर जावे. रिले काढताच फॅन थांबला, तर दोनच शक्यता उरतात: रिलेची आतली संपर्कटोके वितळून चिकटली आहेत, किंवा रिले ठीक आहे आणि त्याला चालू राहण्याचा हुकूम मिळतो आहे.

या दोन शक्यता वेगळ्या करायला मल्टिमीटर लागतो. रिलेच्या बाजूवर एक छोटी आकृती असते. तिच्यात दोन पिना गुंडाळीच्या (कॉइलच्या) आणि दोन स्विचच्या दाखवलेल्या असतात. अनेक रिलेंवर गुंडाळीसाठी ८५ व ८६, आणि स्विचसाठी ३० व ८७ असे आकडे असतात. मल्टिमीटर बझरवर (जोडणी सलग असेल तर वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून ३० आणि ८७ या पिनांना टोके लावावीत. हातातल्या, कशालाही न जोडलेल्या रिलेत बझर वाजताच कामा नये. वाजला, तर रिले चिकटला आहे. गुंडाळीच्या पिनांमध्ये साधारण ५० ते १२० ओहम रोध मिळायला हवा. मल्टिमीटर हाताशी नसेल, तर त्याच पेटीतला त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, फॅनच्या जागी लावून पाहता येतो. मात्र अंगावरचा क्रमांक आणि पिनांची मांडणी तंतोतंत जुळल्याशिवाय अदलाबदल करू नये. दुसऱ्या रिलेने फॅन थांबला तर दोष सापडला.

रिले उगाच चिकटत नाहीत. फॅनच्या मोटरची बेअरिंग झिजली की मोटर जड फिरते, जास्त करंट ओढते आणि प्रत्येक वेळी सुरू होताना रिलेच्या टोकांवर मोठी ठिणगी पडते. म्हणून नवा रिले बसवण्यापूर्वी बॅटरी सोडून फॅन हाताने फिरवून पाहावा. तो खरखरला, अडला किंवा दांड्यावर डगमगला, तर नवा रिलेही काही महिन्यांत त्याच वाटेने जाईल. मोटर बदलण्याचा सल्ला खरोखर लागू पडतो तो येथे.

नवा रिले बसवल्यावरही फॅन लगेच सुरू झाला, तर हुकूम कोठून तरी येतो आहे. रिले काढून, किल्ली ऑनवर ठेवून, सॉकेटमधल्या गुंडाळीच्या दोन छिद्रांत मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. सुमारे १२ व्होल्ट दिसले तर हुकूम चालू आहे. काहीच दिसले नाही तर तो नाही. जाड टोके सॉकेटमध्ये कोंबू नयेत, कारण आतली पितळी पकड फाकते आणि पुढे तेथेच सैल जोडणीचा नवा आजार सुरू होतो. बारीक तार किंवा टाचणी टोकाला धरून हलकेच टेकवावी. बल्बचा जुना टेस्ट लॅम्पही येथे वापरू नये, कारण ईसीएमच्या (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाच्या) नाजूक ट्रान्झिस्टरवर तो नको इतका भार टाकतो.

चौथी पायरी: हुकूम देणाऱ्याला काय दिसते आहे?

आजच्या गाड्यांत रिलेला अर्थ (बॉडीशी असणारी निगेटिव्ह जोडणी) देऊन चालू करण्याचा निर्णय इंजिनचा ईसीएम घेतो, आणि तो प्रामुख्याने कूलंटच्या तापमानाचा सेन्सर, एसीच्या दाबाचा सेन्सर आणि एसीच्या बटणाकडून आलेली मागणी पाहतो. यातली कूलंटच्या सेन्सरची गोष्ट महत्त्वाची आहे. त्या सेन्सरची माहिती मिळेनाशी झाली की इंजिन गार आहे की तापले आहे हे ईसीएमला कळत नाही, आणि इंजिन जळण्यापेक्षा फॅन चाललेला बरा, अशा हिशेबाने तो फॅन सतत चालू ठेवतो. ही कंपनीने मुद्दाम केलेली सुरक्षेची सोय आहे. सोबत चेक इंजिनचा दिवा लागतो, पण काही जण त्याकडे महिनोन्महिने काणाडोळा करतात.

ईसीएमने नोंदलेले दोषांचे कोड स्कॅनरने वाचावेत. कूलंट सेन्सरचे कोड पी०११५ ते पी०११९ या मालिकेत, एसीच्या दाबाच्या सेन्सरचे पी०५३० ते पी०५३३ या मालिकेत आणि फॅनच्या नियंत्रण वायरिंगचे पी०४८० पासून पुढे असतात. कोड मिळाला म्हणजे तो भाग बदलायचा, असे मात्र नाही. कोड फक्त त्या मंडलाकडे (सर्किटकडे) बोट दाखवतो, आणि त्या मंडलात सेन्सरइतक्याच वायर आणि कपलरही (वायर जोडणारे प्लगही) असतात.

पुन्हा सकाळच्या गार इंजिनवर स्कॅनरमध्ये कूलंटचे तापमान पाहावे आणि ते आत येणाऱ्या हवेच्या तापमानाशी ताडून घ्यावे. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. कूलंटचे तापमान उणे ४० दिसत असेल तर वायर तुटली आहे किंवा कपलर निघाला आहे. गार इंजिनवर १२०-१४० अंश दिसत असतील तर मंडल शॉर्ट आहे. आकडा पटण्यासारखा पण दहा-पंधरा अंशांनी चुकीचा असेल, तर सेन्सर म्हातारा झाला आहे किंवा कपलरमध्ये गंज चढला आहे. कोकणात आणि गोव्याच्या किनारपट्टीवर खारट दमट हवेने कपलर उघडल्यावर पिनांवर हिरवट पावडर दिसते. ती कॉन्टॅक्ट क्लीनर मारून साफ केली तर अनेकदा नवा सेन्सर लागतच नाही.

सेन्सर बाहेरूनही मोजता येतो. कपलर काढून त्याच्या दोन पिनांमधला रोध मोजावा. बऱ्याच गाड्यांत तो २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. म्हणजे तापमान वाढले की रोध उतरतो. नेमके आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावेत. किल्ली ऑनवर असताना हा कपलर काढला तर धडधाकट गाडीतही फॅन सुरू होतो आणि कोड नोंदला जातो, हे लक्षात ठेवावे. काही मॉडेलांत डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर आणि ईसीएमचा सेन्सर वेगळे असतात, त्यामुळे काटा बरोबर दाखवतो म्हणून सेन्सर चांगला, हा युक्तिवाद टिकत नाही.

जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत ईसीएम नसतो. तेथे रेडिएटर किंवा थर्मोस्टॅटजवळचा थर्मोस्विच फॅनला चालू-बंद करतो. त्याची वायर काढली आणि फॅन थांबला, तर स्विच आतल्या आत चिकटला आहे.

पाचवी पायरी: वायरिंग, आणि कोणीतरी केलेला ‘डायरेक्ट’

रिले काढूनही फॅन फिरत असेल, तर पहिला संशय मागच्या मेकॅनिकवर घ्यावा. सेन्सर मिळाला नाही, निदान जमले नाही, किंवा गिऱ्हाईक घाईत होते, अशा वेळी ‘फॅन डायरेक्ट करून दिला आहे, आता गाडी तापणार नाही’ हे वाक्य आपल्याकडच्या गॅरेजांत सर्रास ऐकू येते, म्हणजे रिलेला वळसा घालून फॅनला थेट वीज दिलेली असते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला तर हे माहीतही नसते. फॅनच्या मोटरपासून मागे येणारी वायर हाताने चाचपत जावे. कंपनीच्या वायरीवर काळी खरखरीत टेप किंवा नालीदार नळी असते. मध्येच चकचकीत इन्सुलेशन टेपची गुंडाळी, वेगळ्या रंगाची सुटी वायर, बॅटरीच्या टर्मिनलला वरून अडकवलेले टोक किंवा डॅशबोर्डखाली लपवलेले बटण दिसले, तर उत्तर मिळाले. असा फॅन इंजिनला योग्य तापमानापर्यंत लवकर पोहोचू देत नाही, मायलेज पडते, अल्टरनेटरवर कायमचा भार राहतो, आणि फ्यूज न घालता वायर ओढलेली असेल तर ती घासून बॉनेटखाली आग लागण्याचा धोकाही असतो. जोडकाम काढून मूळ जोडणी पूर्ववत करावी आणि चौथ्या पायरीपासून तपासणी पुन्हा करावी, कारण ज्या दोषावर पांघरूण घातले होते तो तेथेच बसलेला असतो.

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की उंदीर उबेसाठी बॉनेटखाली आश्रय घेतात आणि वायरी कुरतडतात. सोसायटीच्या तळमजल्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे नित्याचेच आहे. रिलेपासून ईसीएमकडे जाणारी वायर कुरतडून बॉडीला टेकली, तर ईसीएमने हुकूम न देताच रिलेला अर्थ मिळतो. स्कॅनरमध्ये फॅन ‘बंद’ दिसत असतानाही सॉकेटमध्ये १२ व्होल्ट येत असतील, तर नेमके हेच घडते आहे, किंवा ईसीएममधला ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे. हे दोन दोष वेगळे करण्यासाठी बॅटरी सोडून, ईसीएमचा कपलर काढून, ती वायर बॉडीला भिडते आहे का ते बझरवर पाहतात. बझर वाजला तर वायर दोषी. न वाजला तर ईसीएम. हे काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे, पण करून घ्यावे नक्की. या चाचणीविना ईसीएम बदलण्यास होकार देऊ नये.

काही गाड्यांत साध्या रिलेऐवजी फॅनजवळच एक नियंत्रण मॉड्यूल असते आणि ते ईसीएमकडून येणाऱ्या स्पंदांनुसार वेग कमी-जास्त करते. अशा मॉड्यूलकडे येणारी सिग्नलची वायर तुटली तर ते सुरक्षेसाठी फॅन पूर्ण वेगाने पळवते. तेथे आधी वायर आणि कपलर तपासावा, मॉड्यूल शेवटी.

दुरुस्तीनंतर

कोड पुसून टाकावेत आणि गार इंजिनवरची सकाळची तीच चाचणी पुन्हा करावी. नंतर एसी बंद ठेवून गाडी एका जागी आयडलिंगवर चालू ठेवावी आणि स्कॅनरवर लक्ष ठेवावे: तापमान चढत जाऊन फॅन सुरू होतो का, कोणत्या आकड्याला होतो, आणि पुन्हा थांबतो का. थांबणे जितके महत्त्वाचे तितकेच सुरू होणेही आहे. १०५ अंश ओलांडूनही फॅन सुरू झाला नाही तर इंजिन ताबडतोब बंद करावे आणि काढलेला रिले, फ्यूज किंवा कपलर पूर्ण बसला आहे का ते पाहावे. मग एसी लावून कॉम्प्रेसरबरोबर फॅन येतो का आणि एसी बंद केल्यावर थोड्या वेळात जातो का ते पाहावे. फॅन रात्रभर चालून बॅटरी एकदा जरी पूर्ण उतरली असेल, तर तिला चार्जरवर पूर्ण भरून घ्यावे, कारण तळापर्यंत उतरलेली बॅटरी केवळ शहरातल्या छोट्या फेऱ्यांवर पुन्हा पूर्ण भरत नाही.